इनबॉक्समध्ये फालतू मेलचा लोंढा थांबत नसेल तर काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

कोल्हापूर परिसरातील फाउंड्री, मशीन शॉप, कर सल्लागारांची कार्यालये आणि दवाखाने यांच्या संगणकांची देखभाल करताना सर्वाधिक वेळा कानावर पडणारी तक्रार म्हणजे "मेलमध्ये नुसता कचरा येतोय, एकदाचं काहीतरी करा." तक्रार एकाच वाक्यात सांगितली जाते, पण तिच्यामागची कारणे अनेक असतात. एका कारणावरचा उपाय दुसऱ्यावर लावला तर लोंढा आठवडाभर ओसरल्यासारखा वाटतो आणि पुन्हा सुरू होतो. त्यामुळे येथे आधी लक्षणे आणि नंतर तपासण्या दिल्या आहेत. पहिल्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत आणि वेळही फारसा लागत नाही. शेवटच्या तपासण्या अवघड आहेत आणि त्यांपैकी काही स्वतः करूच नयेत. बटणांची नावे जीमेलमधील आहेत, कारण बहुतेक ठिकाणी तेच वापरात असते. आउटलुक किंवा याहूमध्ये नावे बदलतात, क्रम बदलत नाही.

उद्दिष्ट काय, हेही आधी ठरवलेले बरे. फालतू मेल शून्यावर आणता येत नाहीत. ते स्पॅमच्या कप्प्यात जाऊन पडावेत आणि कामाचा एकही मेल त्यांच्यासोबत तिकडे जाऊ नये, एवढेच साध्य करता येते. ज्या कारखान्याला चौकशी, ड्रॉइंग आणि ऑर्डर मेलवर येतात, त्याला इनबॉक्समध्ये आलेल्या शंभर जाहिरातींपेक्षा स्पॅममध्ये गेलेली एक खरी चौकशी जास्त महागात पडते. पुढील प्रत्येक उपाय याच हिशेबाने निवडला आहे.

लक्षणे

नेमके काय घडते आहे ते खालील वर्णनांशी ताडून पाहावे. एकाच खात्यात दोन-तीन लक्षणे एकत्रही दिसू शकतात.

ओळखीच्या नावांचे जाहिरातीचे मेल रोज येतात: विमा, क्रेडिट कार्ड, कपड्यांचा सेल, नोकरीची संकेतस्थळे.

पाठवणाऱ्याचे नाव रोज वेगळे असते, मजकूर मात्र तोच असतो: कर्ज मंजूर झाले, कुरिअर अडकले, प्राप्तिकराचा परतावा आला, घरबसल्या काम मिळेल.

स्वतःच्याच पत्त्यावरून स्वतःला मेल आलेला दिसतो. त्यात बहुधा धमकी आणि बिटकॉइनची मागणी असते, आणि कधीकधी आपला एखादा जुना पासवर्डही लिहिलेला असतो.

आपण न पाठवलेल्या मेलबद्दल "पोहोचवता आला नाही" अशी उत्तरे येऊन पडतात.

भलत्याच माणसाची मोबाइलची बिले, रेल्वेची तिकिटे किंवा शाळेच्या सूचना आपल्याकडे येतात.

पडद्याच्या कोपऱ्यात "अँटिव्हायरस संपला" असे फलक उगवतात, किंवा कॅलेंडरमध्ये कोणीतरी बक्षिसाच्या नोंदी घालून ठेवतो.

एका तासात शेकडो मेल कोसळतात, आणि ते सगळे जगभरच्या कुठल्याकुठल्या संकेतस्थळांवरून आलेले "नोंदणी केल्याबद्दल धन्यवाद" या छापाचे असतात.

यांपैकी शेवटचे लक्षण दिसले तर बाकीचे वाचन थांबवून आधी बँक आणि क्रेडिट कार्डाचे व्यवहार तपासावेत. असा भडिमार कंटाळा आणण्यासाठी केलेला नसतो. चोरट्याच्या हाती आपले कार्ड, खरेदीचे खाते किंवा बँकेचा प्रवेश लागलेला असतो, आणि त्या व्यवहाराची सूचना देणारा एकमेव खरा मेल आपल्या नजरेतून सुटावा म्हणून त्याने आपला पत्ता शेकडो ठिकाणच्या नोंदणी अर्जांत भरून टाकलेला असतो. बँकेच्या ॲपमध्ये व्यवहार पाहावेत आणि इनबॉक्समध्ये बँकेचे व खरेदीच्या संकेतस्थळांचे नाव टाकून शोध घ्यावा. अशा वेळी सगळे निवडून सरसकट डिलीट करणे म्हणजे चोरट्याचे काम आपणच पूर्ण करणे होय.

पहिली तपासणी: तो मेल आहे तरी का?

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात उगवणारे फलक बहुतेकदा मेलचे नसतात. एखाद्या संकेतस्थळाने "सूचना दाखवू का?" असे विचारले होते आणि कोणीतरी "अलाउ" दाबले होते, एवढेच घडलेले असते. क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग्ज आणि त्याखाली नोटिफिकेशन्स उघडले की परवानगी दिलेल्या संकेतस्थळांची यादी दिसते. त्यातील अनोळखी नावे काढून टाकली की फलक त्याच क्षणी थांबतात. यासाठी कोणताही अँटिव्हायरस विकत घ्यावा लागत नाही, आणि त्या फलकावर दाखवलेला तर मुळीच घेऊ नये.

कॅलेंडरमधील नोंदींचेही तसेच आहे. गुगल कॅलेंडर कोणीही पाठवलेले निमंत्रण आपणहून नोंदवू शकते. त्याच्या सेटिंगमधील इव्हेंट सेटिंग्जमध्ये, पाठवणारा ओळखीचा असेल तरच निमंत्रण नोंदवावे, असा पर्याय निवडावा. पडलेल्या नोंदीवर "नाही" असे उत्तर देऊ नये, कारण ते उत्तर पाठवणाऱ्यापर्यंत पोहोचते आणि हा पत्ता चालू आहे हे त्याला कळते. नोंद उघडून तिची स्पॅम म्हणून तक्रार करावी.

दुसरी तपासणी: कोणाकडून आणि कोणाला?

मोबाइलवर पाठवणाऱ्याचे केवळ नाव दिसते, आणि नाव तर कोणीही काहीही लावू शकतो. नावाखालच्या छोट्या बाणावर बोट ठेवले की खरा पत्ता, मेल कोणाच्या नावे पाठवला आहे आणि तो कोणत्या डोमेनवरून (पत्त्यातील ॲट या चिन्हानंतरच्या नावावरून) निघाला आहे, हे तिन्ही दिसते. ही अर्ध्या मिनिटाची तपासणी पुढची निम्मी दिशा ठरवते.

पत्त्याच्या शेवटच्या भागाकडे पाहावे. प्राप्तिकर विभागाचा मेल एखाद्या जीमेल पत्त्यावरून येत नाही. सरकारी पत्ते डॉट जीओव्ही डॉट इन किंवा डॉट एनआयसी डॉट इन येथे संपतात. बँकांच्या संकेतस्थळांसाठी रिझर्व्ह बँकेने डॉट बँक डॉट इन हे वेगळे डोमेन ठरवून दिले आणि बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर जावे असे सांगितले. त्यामुळे मेलमधील दुवा बँकेच्या नावाने असूनही दुसऱ्याच शेपटीच्या पत्त्यावर नेत असेल तर तो उघडू नये आणि बँकेचे ॲप स्वतः उघडून खात्री करावी. व्यापारी मेलमध्ये आणखी बारकाईने पाहावे लागते: इंग्रजी एम अक्षराच्या जागी आर आणि एन ही दोन अक्षरे शेजारी ठेवली तर लहान पडद्यावर फरक दिसतच नाही.

"टू" या रकान्यात आपला पत्ता नसून भलताच पत्ता असेल, तर मेल एकगठ्ठा पाठवलेला आहे आणि आपण लपवलेल्या यादीत आहोत. रकान्यात आपल्याच नावाशी जुळणारा, पण मध्ये टिंब असलेला पत्ता असेल, तर प्रकरण वेगळे आहे. जीमेल पत्त्यातील टिंबे मोजत नाही, त्यामुळे टिंब घालून आणि न घालता लिहिलेले दोन्ही पत्ते एकाच खात्याचे असतात. आपल्या नावाच्या दुसऱ्या कोणा गृहस्थाने अर्ज भरताना स्वतःचा पत्ता चुकवला की त्यांची बिले आपल्याकडे येऊ लागतात. पाटील, जाधव, शिंदे आणि कुलकर्णी मंडळींना हा अनुभव हमखास येतो. हा स्पॅम नाही. तो स्पॅम म्हणून नोंदवत राहिल्यास उद्या त्याच बँकेचा किंवा मोबाइल कंपनीचा आपल्यासाठीचा मेलही स्पॅममध्ये जाण्याची शक्यता वाढते. संबंधित कंपनीला ग्राहकाचा पत्ता चुकल्याचे कळवावे. तोवर त्या पाठवणाऱ्यासाठी स्वतंत्र लेबल करून ते मेल बाजूला वळवावेत.

तिसरी तपासणी: डिलीट करता की तक्रार करता?

बहुतेक जण नको असलेला मेल डिलीट करतात. डिलीट केल्याने तो मेल जातो, पण जीमेलच्या चाळणीला, म्हणजे स्पॅम ओळखून बाजूला काढणाऱ्या यंत्रणेला, काही कळत नाही, आणि उद्या तसाच दुसरा मेल इनबॉक्समध्ये येतो. "रिपोर्ट स्पॅम" दाबल्यावर त्या मेलची माहिती गुगलकडे जाते आणि तशा मेलबाबतचा पुढचा निर्णय बदलू लागतो. आठ-दहा दिवस डिलीटऐवजी हेच बटण वापरले तर दुसऱ्या लक्षणातील बराचसा माल आपोआप हटतो.

याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. स्पॅमच्या कप्प्यातील मेल ३० दिवसांनी कायमचे पुसले जातात, म्हणून आठवड्यातून एकदा तो कप्पा उघडून खरे मेल शोधावेत आणि त्यांवर "नॉट स्पॅम" दाबावे. नवे ग्राहक, परदेशी खरेदीदार आणि स्वतःच्या डोमेनवरून लिहिणारे लहान उद्योजक यांचे मेल तेथे सापडतात. स्पॅम आणि ट्रॅशमधील मेल खात्याच्या मोफत १५ जीबीमध्येच मोजले जातात, त्यामुळे "जागा संपली" ही सूचना आली असेल तर हे दोन कप्पे आधी पाहावेत.

चौथी तपासणी: अनसबस्क्राइब कुठे करावे आणि कुठे नाही

ओळखीच्या कंपनीच्या जाहिरातींवर खरा उपाय म्हणजे अनसबस्क्राइब. पण मेलच्या तळाशी असलेल्या बारीक दुव्याऐवजी जीमेल स्वतः पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी दाखवते ते बटण वापरावे. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांवर नियम घातले. त्यांत एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडण्याची सोय देणे आणि ती विनंती दोन दिवसांत अमलात आणणे बंधनकारक आहे. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणारे या नियमात येतात, त्यामुळे मोठ्या कंपन्या हे बटण सहसा पाळतात. डावीकडच्या यादीत "मॅनेज सबस्क्रिप्शन्स" दिसत असेल तर सगळ्या याद्या एकाच ठिकाणी बंद करता येतात.

दुसऱ्या लक्षणातील मेलमध्ये मात्र "यादीतून नाव काढा" या दुव्याला हात लावू नये. तेथे क्लिक केल्याने नाव निघत नाही. उलट हा पत्ता जिवंत आहे आणि त्याचा मालक मेल वाचतो, ही माहिती पाठवणाऱ्याला फुकट मिळते. असा तपासलेला पत्ता पुढच्या यादीत अधिक भावाने विकला जातो.

पुष्कळ जण येथे विचारतात की मोबाइलवर डीएनडी लावले आहे, तरी मेल का थांबत नाहीत? १९०९ वर नोंदवलेले डीएनडी हे ट्रायच्या नियमांखाली येते आणि ते फोन व एसएमएसपुरते आहे. मेलला ते लागू नाही.

ब्लॉक या बटणाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. एकाच पत्त्यावरून चिकाटीने लिहिणाऱ्या माणसासाठी ते उपयोगी आहे. रोज नवा पत्ता घेऊन येणाऱ्यासाठी नाही. शेकडो पत्ते ब्लॉक केलेली खाती पाहण्यात येतात, आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येक पत्ता एकदाच वापरला गेलेला असतो.

पाचवी तपासणी: आपल्याच फिल्टरने दार उघडे ठेवले आहे का?

पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या तक्रारींत हे कारण जितके आढळते तितके दुसरे क्वचितच आढळते, आणि कोणी ते तपासत नाही. फिल्टर म्हणजे कोणत्या मेलचे काय करावे याचा आपण घातलेला नियम. संगणकावर जीमेल उघडून सेटिंगमधील "फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस" हे पान पाहावे. तेथे कोणत्याही ओळीत "नेव्हर सेंड इट टू स्पॅम" असे लिहिलेले असेल तर तिची अट नीट वाचावी.

घडते ते असे. निविदेचा किंवा मोठ्या ग्राहकाचा एक मेल कधीतरी स्पॅममध्ये गेलेला असतो. कोणीतरी मदतनीस येतो, फिल्टरच्या "फ्रॉम" रकान्यात पूर्ण पत्ता लिहिण्याऐवजी "जीमेल डॉट कॉम" किंवा नुसते "डॉट कॉम" लिहितो, आणि असे मेल कधीही स्पॅममध्ये टाकू नयेत, अशी खूण करून जातो. त्या दिवसापासून खरा मेल नक्की येतो, आणि त्याच्यासोबत त्या शेपटीचे बाकी सगळे मेलही कोणतीही चाळण न लागता थेट आत येतात. काही ठिकाणी अट एखाद्या शब्दाची असते, उदाहरणार्थ "इन्व्हॉइस" किंवा "ऑर्डर", आणि फसव्या मेलमध्ये नेमके हेच शब्द असतात. महिनोन्महिने रिपोर्ट स्पॅम दाबूनही काही फरक पडत नसेल तर संशय येथेच घ्यावा, कारण हाताने घातलेला नियम चाळणीच्या निर्णयावर मात करतो.

असा फिल्टर काढावा आणि त्याच्या जागी महत्त्वाच्या ग्राहकांचे पूर्ण पत्ते, किंवा फार तर त्यांच्या कंपनीचे स्वतःचे डोमेन, एवढेच लिहावे. पान बंद करण्यापूर्वी तेथे आपण न केलेला, बँकेचे किंवा ग्राहकाचे मेल थेट ट्रॅशमध्ये टाकणारा किंवा वाचलेले दाखवणारा फिल्टर तर नाही ना, हेही पाहावे. तसा सापडला तर खात्यात दुसरे कोणीतरी शिरले आहे असे धरून लगेच सातव्या तपासणीकडे जावे.

सहावी तपासणी: पत्ता कुठून फुटला

हे पूर्णपणे शोधता येत नाही, पण थोडे शोधणे उपयोगी ठरते. "हॅव आय बीन पोन्ड" या मोफत संकेतस्थळावर आपला पत्ता टाकला की तो कोणत्या जाहीर माहितीगळतीत सापडला आहे ते कळते. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन सुरक्षातज्ज्ञाने ते २०१३ साली सुरू केले, आणि त्याच वर्षी उघड झालेल्या अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका गळतीत सुमारे १५ कोटी खाती होती. धमकीच्या मेलमध्ये दिसणारा आपला जुना पासवर्ड अशाच यादीतून आलेला असतो. पाठवणाऱ्याने आपला कॅमेरा किंवा संगणक पाहिलेला नसतो. त्याला उत्तर देऊ नये आणि पैसे तर देऊच नयेत. मात्र तो पासवर्ड आजही कुठे चालू असेल तर तो तेथे त्याच दिवशी बदलावा.

यापुढे नव्या संकेतस्थळावर पत्ता देताना नावापुढे अधिकचे चिन्ह आणि एखादा शब्द जोडता येतो. असा मेल त्याच खात्यात येतो, आणि पुढे त्या जोडपत्त्यावर कचरा येऊ लागला की गळती कोठून झाली ते समजते. काही अर्ज हे चिन्ह स्वीकारत नाहीत. तेथे किरकोळ नोंदण्यांसाठी वेगळे खाते वापरावे, आणि जीएसटी, बँक व डोमेन यांचा पत्ता इतर कोठेही देऊ नये.

मेलमधील चित्रे आपोआप उघडू न देण्याची सोय सेटिंगच्या पहिल्याच पानावर आहे. ती चालू केली की अदृश्य चित्र घालून मेल उघडला गेला का हे पाहणाऱ्यांना माहिती मिळत नाही.

सातवी तपासणी: खात्यात कोणी शिरले आहे का?

न पाठवलेल्या मेलची "पोहोचला नाही" अशी उत्तरे येत असतील तर शक्यता दोन असतात. एक, कोणीतरी पाठवणारा म्हणून आपला पत्ता लिहून दुसरीकडूनच मेल पाठवतो आहे. पाकिटावर मागच्या बाजूला कोणाचाही पत्ता लिहिता येतो, तसाच हा प्रकार आहे. दोन, आपल्या खात्यातूनच ते मेल जात आहेत. फरक ओळखण्यासाठी "सेंट" कप्पा पाहावा. मात्र तो स्वच्छ दिसला म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण शिरलेला माणूस पाठवलेले मेल पुसूनही टाकतो.

संगणकावर जीमेलच्या अगदी तळाशी उजवीकडे "डिटेल्स" हा बारीक शब्द असतो. तेथे हे खाते अलीकडे कोठून, कोणत्या साधनावरून आणि केव्हा उघडले गेले ते दिसते. मोबाइल नेटवर्कमुळे कोल्हापूरचा फोन मुंबई किंवा पुण्याचा दिसू शकतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही; दुसऱ्या देशाचे नाव किंवा कोणीही काम करत नसताना मध्यरात्री झालेला प्रवेश दिसला तर मात्र दखल घ्यावी.

त्यानंतर हाच क्रम ठेवावा. दुसऱ्या, खात्रीच्या संगणकावरून पासवर्ड बदलावा. सर्व साधनांवरून खाते बाहेर काढावे. फॉरवर्डिंगच्या पानावर अनोळखी पत्ता असेल तर काढावा. पासवर्ड परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर आणि पत्ता आपलाच आहे का, हे पाहावे. खात्याला जोडलेली अनोळखी ॲप्स काढावीत, आणि शेवटी दुहेरी पडताळणी चालू करावी. फॉरवर्डिंग आणि जोडलेली ॲप्स यांना फाटा देऊन नुसता पासवर्ड बदलला जातो, आणि त्यामुळेच तीच तक्रार महिन्याभरात परत येते: नवा पासवर्ड माहीत नसतानाही प्रत्येक मेलची प्रत चोरट्याला मिळतच राहते.

निर्यातदारांच्या बाबतीत हा धोका सगळ्यांत जास्त आहे. चोरटा आठवडेच्या आठवडे काही न करता मेल वाचत बसतो, आणि बिलाची रक्कम जमा होण्याची वेळ आली की ग्राहकाला "आमचे बँक खाते बदलले आहे" असा मेल पाठवतो. आपल्याकडेही पुरवठादाराच्या नावे असा मेल आला तर मेलमधील नंबरवर नव्हे, तर आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये.

आठवी तपासणी: मूळ मेल वाचणे

मेलच्या तीन टिंबांच्या यादीत "शो ओरिजिनल" निवडले की वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नावांपुढे पास किंवा फेल लिहिलेले दिसते. एसपीएफ सांगते की हा मेल पाठवणाऱ्या सर्व्हरला त्या डोमेनची परवानगी आहे का. डीकेआयएम म्हणजे डोमेनची डिजिटल सही. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात दिसणारे डोमेन या दोहोंपैकी एकाशी तरी जुळते का आणि जुळत नसेल तर काय करावे, हे डीमार्क ठरवते. स्वतःच्याच पत्त्यावरून आलेल्या धमकीच्या मेलमध्ये येथे फेल दिसले, तर खाते फुटलेले नाही, केवळ नाव वापरले गेले आहे, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. उलट, तिन्ही पास म्हणजे मेल सज्जनाचा, असा अर्थ लावू नये. भामट्यालाही डोमेन विकत घेऊन तिन्ही नोंदी नीट करता येतात.

नववी तपासणी: स्वतःचे डोमेन असेल तर

कंपनीच्या नावाचे डोमेन आणि होस्टिंगसोबत (संकेतस्थळासाठी भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरील जागेसोबत) मिळालेला मेल वापरणाऱ्यांकडे कचरा अधिक येतो, आणि त्याची तीन कारणे पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिले म्हणजे सगळे झेलणारी पेटी. होस्टिंग सांभाळण्याच्या सीपॅनेल या सॉफ्टवेअरमध्ये "डिफॉल्ट ॲड्रेस" असे एक पान असते. ते मुख्य खात्याकडे वळवलेले असेल तर डोमेनपुढे कोणतेही नाव लावून पाठवलेला मेल आत येतो. स्पॅम पाठवणारे यंत्र इन्फो, सेल्स, अकाउंट्स, ॲडमिन, एचआर अशी नावे अंदाजाने लावून पाहते, आणि येथे त्याचा प्रत्येक अंदाज बरोबर ठरतो. कार्यालयात खरोखर वापरात असलेले पत्ते आधी कागदावर लिहून काढावेत, छापील लेटरहेड आणि जुन्या व्हिजिटिंग कार्डांवरील पत्तेही त्यात धरावेत, त्यांची खाती किंवा वळवणी केली आहे याची खात्री करावी आणि मगच डिफॉल्ट ॲड्रेस बंद करून "असा पत्ता नाही" हे उत्तर परत जाईल असे ठेवावे. कागदावरची पायरी टाळली तर जुन्या ग्राहकाचा मेल परत जातो.

दुसरे कारण म्हणजे संकेतस्थळावरील संपर्काचा अर्ज. असा मेल आपल्याच संकेतस्थळाकडून येत असल्याने चाळणीला तो विश्वासू वाटतो. अर्जाला कॅप्चा (भरणारा माणूस आहे की यंत्र हे तपासणारी छोटी चाचणी) लावल्याने बहुतांश त्रास जातो. पानावर उघडा लिहिलेला मेल पत्ता यंत्रे रोज गोळा करतात, त्यामुळे तो अर्जामागे लपवावा.

तिसरे कारण होस्टिंगच्या चाळणीचे. स्पॅम असॅसिन हा तेथील चाळणीचा प्रोग्रॅम बंदच असतो किंवा त्याचा आकडा भलताच असतो. प्रत्येक मेलला गुण दिले जातात आणि ५ हा नेहमीचा उंबरठा आहे. आकडा कमी केला की चाळण कडक होते. चौकशीचे मेल येणाऱ्या ठिकाणी तो ५ च ठेवावा, आणि पकडलेले मेल पुसून न टाकता वेगळ्या कप्प्यात टाकावेत.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

डीएनएसच्या नोंदी, म्हणजे डोमेनचे मेल व संकेतस्थळ कोणत्या सर्व्हरवर आहेत हे सांगणाऱ्या ओळी, माहिती नसताना बदलू नयेत; एसपीएफ आणि डीमार्कही तेथेच लिहिलेले असतात. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दुसऱ्या सेवेसाठी कोणी दुसरी ओळ घातली की दोन्ही निकामी होतात. एका नोंदीच्या तपासणीत दहापेक्षा अधिक डीएनएस चौकश्या होऊ लागल्या तरी तोच परिणाम होतो. डीमार्क एकदम "रिजेक्ट"वर नेला तर बिले पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरचे मेलही ग्राहकांकडून नाकारले जातात आणि इकडे कोणाला पत्ता लागत नाही. आधी काही आठवडे "नन" (काहीच कारवाई नाही) ठेवून अहवाल वाचणे, मग "क्वारंटाइन" (स्पॅममध्ये टाकणे) आणि शेवटी "रिजेक्ट" (नाकारणे), हे काम अनुभवी माणसाचे आहे.

आपल्या सर्व्हरवरून स्पॅम जात असल्याची नोटीस होस्टिंगकडून आली किंवा आपल्या सर्व्हरचा पत्ता स्पॅमहाउससारख्या, स्पॅम पाठवणाऱ्यांच्या यादीत गेला असेल, तर संकेतस्थळात बहुधा कोणीतरी शिरलेले असते. नुसते यादीतून नाव काढण्याची विनंती करून उपयोग नाही; घुसवलेली फाइल शोधून काढेपर्यंत नाव पुन्हा त्या यादीत जाते.

कोणी मेलसोबतची फाइल उघडली आणि संगणक विचित्र वागू लागला, तर नेटवर्कची वायर काढावी, वाय-फाय बंद करावे आणि तंत्रज्ञ येईपर्यंत संगणक तसाच ठेवावा. तोवर त्यावरून टॅली किंवा बँक उघडू नये आणि त्याला पेन ड्राइव्ह लावू नये. विंडोज फाइलच्या नावाची शेपटी मुळातच लपवते, त्यामुळे पीडीएफ दिसणारी फाइल प्रत्यक्षात चालू होणारा प्रोग्रॅम असू शकते. ती ओळखता आली नाही म्हणून कर्मचाऱ्याला दटावले तर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही.

पैसे गेले असतील तर तंत्रज्ञाची वाट पाहू नये. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, बँकेला कळवावे, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. रक्कम दुसऱ्या खात्यांत फिरण्याआधी ती रोखता येणे हे सर्वस्वी वेगावर अवलंबून असते. संबंधित मेल पुसू नये. पोलिसांना त्याचा मूळ मजकूर लागतो आणि फोटो काढून ठेवल्याने तो मिळत नाही.

तंत्रज्ञाला बोलावण्यापूर्वी तीन-चार त्रासदायक मेलचे "शो ओरिजिनल" उतरवून ठेवावे, त्रास कधीपासून सुरू झाला आणि त्या सुमारास काय बदलले ते लिहून ठेवावे. डोमेनचे खाते कोणाच्या नावावर आणि कोणत्या मेलवर आहे हेही त्याच वेळी शोधावे. अनेक कारखान्यांचे डोमेन पूर्वी संकेतस्थळ करून देणाऱ्याच्या नावावर असते आणि त्याचा फोन आता लागत नसतो. अशा स्थितीत कोणताही तंत्रज्ञ एकही नोंद बदलू शकत नाही, म्हणून ते खाते मालकाच्या नावावर आणण्याचे काम सर्वांत आधी हाती घ्यावे.